झोप यावी म्हणून मी उशिरापर्यंत जागी राहिले

झोप लागत नाही असं चारचौघींत म्हटलं की प्रत्येकीकडे एक उपाय असतोच. गरम दुधात जायफळ घाल, तळपायाला तेल चोळ, काशाची वाटी फिरव, रामरक्षा म्हण, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव आणि हो, जरा लवकर आडवी हो म्हणजे लागेल हळूहळू. यातलं बहुतेक सगळं मी मनापासून केलंय, आणि काशाची वाटी तर अजूनही फिरवते कारण पायांना खरंच बरं वाटतं. पण माझी झोप ज्याच्यामुळे परत आली ते या यादीत नव्हतं, उलट त्यातल्या शेवटच्या सल्ल्याच्या बरोबर विरुद्ध होतं. मला रात्री बारा वाजेपर्यंत अंथरुणाला पाठ टेकवायची नाही असं सांगितलं होतं. हे सविस्तर लिहावंसं वाटलं कारण रोज लोकलनं माझ्याबरोबर येणाऱ्या बायकांपैकी कितीजणी रात्रभर कूस बदलत असतात हे मला आता माहितीये, आणि त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचलेलीच नाहीये.

सुरुवात आईच्या आजारपणात झाली. ती सांगलीहून आमच्याकडे डोंबिवलीला तपासण्यांसाठी आलेली, मग ॲडमिटच करावं लागलं आणि रात्री तिच्याजवळ मी असायचे. ज्यांनी पेशंटशेजारच्या त्या बाकड्यावर रात्री काढल्यात त्यांना सांगायला नको, तिथे आपण एक कान उघडा ठेवूनच झोपतो, सलाईन संपत आलं का, आई कण्हली का, सिस्टर आल्या का. आई खणखणीत बरी झाली, सांगलीला परत गेली, आता रोज संध्याकाळी गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाते. माझी झोप मात्र तशीच राहिली. दहाला दिवे घालवून पडायचं, अकरा होतात, साडेअकरा होतात, बाहेर शेवटच्या रिक्षांचे आवाज येत राहतात, कधीतरी बारानंतर डोळा लागतो आणि तीन सव्वातीनला टक्क जाग. मग मनात हिशोब सुरू, आत्ता लागली तर अडीच तास मिळतील, आत्ता लागली तर दोन, आत्ता लागली तर दीड, आणि साडेपाचला गजर वाजतो तेव्हा नेमका डोळा लागलेला असतो. दिवसा ऑफिसात एकच नोंद तीन तीनदा वाचायची, डोळे चुरचुरायचे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर मुलानं साधं काही विचारलं तरी अंगावर यायचं.

फॅमिली डॉक्टरांनी आधी बाकीच्या गोष्टी बघून घेतल्या, हिमोग्लोबिन, थायरॉईड, पाळीबद्दल विचारलं, आणि नवऱ्याला खास विचारलं की ही घोरते का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का. म्हणजे स्लीप ॲप्निया असेल तर त्याचा उपचार वेगळा असतो म्हणून. त्यातलं काही नव्हतं. आठवड्यातून निदान तीन रात्री असं होत असेल आणि ते तीन महिने चाललं असेल तर त्याला जुना निद्रानाश म्हणतात असं त्यांनी सांगितलं, माझं त्यापेक्षा बरंच जास्त झालं होतं. मला वाटलं आता गोळी लिहून देतील. ते म्हणाले गोळी लागलीच तर बघू, पण आधी सीबीटी-आय करून बघा. ही निद्रानाशासाठीच बसवलेली वर्तनाची आणि विचारांची उपचारपद्धत आहे, अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या कॉलेजनं 2016 मध्ये मोठ्या माणसांच्या जुन्या निद्रानाशासाठी सगळ्यात आधी हीच वापरावी असं म्हटलंय, गोळ्यांच्याही आधी. त्यांनी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमचा पत्ता दिला. सासूबाईंना हे फारसं पटलं नाही, झोपेसाठी कसला गं डॉक्टर म्हणाल्या, पण मी गेले.

पहिल्याच दिवशी मॅडमनी एका कागदावर तीन चौकोन काढले. पहिला म्हणजे मूळ स्वभाव, काही माणसं जन्मतःच सावध झोपेची असतात. दुसरा म्हणजे निमित्त, आजारपण, बाळंतपण, नोकरी जाणं, परीक्षा, काहीही. आणि तिसरा म्हणजे निमित्त संपलं तरी निद्रानाश चालू ठेवणाऱ्या गोष्टी. ही मांडणी आर्थर स्पीलमन नावाच्या संशोधकाची. मॅडम म्हणाल्या, "आईंचं आजारपण कधीच संपलंय, ते आता तुम्हाला जागं ठेवत नाहीये. तुम्ही झोपेची भरपाई करायला जे जे करता ना, ते जागं ठेवतंय." हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला कारण त्या सगळ्या गोष्टी शहाणपणाच्याच वाटतात, रात्री नीट झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी लवकर पडायचं, रविवारी नऊपर्यंत लोळायचं, दुपारी तासभर आडवं व्हायचं, ट्रेनमध्ये मान टाकायची. थकलेलं माणूस दुसरं काय करेल.

मग डायरी. ॲप वगैरे काही नाही, मुलाच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं फाडून मी त्यावर रकाने आखले. किती वाजता पडले, झोप लागायला अंदाजे किती वेळ गेला, मध्ये किती वेळा उठले आणि मिळून किती वेळ जागी होते, शेवटची जाग कधी, पलंगावरून उठले कधी, दिवसा डुलकी घेतली का, शेवटचा चहा कधी, आणि सगळ्यात शेवटी दिवस कसा गेला त्याला पाचापैकी मार्क. हे सकाळी भरायचं, आणि अंदाजानंच भरायचं, रात्री घड्याळ बघून नाही. त्यासाठी बेडरूममधलं भिंतीवरचं घड्याळ काढून आम्ही हॉलमध्ये लावलं आणि मोबाईल गजर लावून कपाटावर पालथा ठेवला. घड्याळ काढल्यावर पहिली गोष्ट काय झाली तर तो रात्रीचा हिशोब बंद पडला. तीन वाजलेत हे माहीतच नसेल तर उरलेले तास मोजणार कशावरून? बाकी काही करायला जमलं नाही तरी ज्याला रात्री जाग येते त्यानं हे एवढं करून बघावं असं मला फार वाटतं.

दोन आठवड्यांनी ते कागद घेऊन मॅडमकडे गेले आणि त्यांनी माझ्यासमोरच हिशोब केला. दहा ते साडेपाच म्हणजे मी साडेसात तास पलंगावर, त्यात खरी झोप सरासरी पाच तास. पाच भागिले साडेसात, म्हणजे झोपेचा टक्का 66 च्या आसपास. हा टक्का 85 च्या वर असला तर झोप चांगली धरतात. आणि मग त्या म्हणाल्या, तुम्हाला झोप येते पाच तास तर तुम्हाला मी पलंग देते साडेपाच तास. उठायची वेळ तुमच्या डब्यांमुळे ठरलेलीच आहे, साडेपाच, ती हलवायची नाही, रविवारी नाही, सणाला नाही. तिथून उलटं मोजा. रात्री बारा.

मी घरी येऊन हे सांगितलं तर नवरा म्हणाला, "अगं आधीच झोप नाही तुला, त्यात अजून जागवणार?" त्याचं चूक नव्हतं, ऐकायला ते तसंच वाटतं. पण यामागचं कारण मला मॅडमनी फार छान समजावलं होतं. आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेचा दाब वाढत जातो, झोपलं की तो उतरतो. अगदी भुकेसारखं आहे हे, जेवायच्या आधी सारखं फरसाण तोंडात टाकलं की पानावर बसल्यावर जेवण जात नाही, तसं ट्रेनमधली डुलकी, दुपारचं लोळणं, टीव्हीसमोरची पेंग हे सगळं रात्रीच्या झोपेतून वजा होतं. या दाबाबरोबर दुसरं असतं ते शरीरातलं घड्याळ, ते उजेडावर आणि ठरलेल्या वेळांवर चालतं. अलेक्झांडर बोर्बेली या झोपेच्या संशोधकांनी 1982 मध्ये या दोन गोष्टींची जोडी मांडली आणि अजूनही झोपेचं शास्त्र तिथूनच शिकवतात. दाब भरपूर साठलेला आणि घड्याळही रात्र झाली म्हणतंय, असे दोन्ही एका वेळी जुळले की झोप आपोआप लागते. तासन्‌तास पलंगावर पडून राहिलं की हे जुळतच नाही, झोप पातळ होते, मध्ये मध्ये फाटते. पलंगावरचा वेळ कमी केला की ती घट्ट होते. स्पीलमन यांनीच 1987 मध्ये हा उपचार म्हणून मांडला.

आता प्रत्यक्ष काय झालं ते सांगते. दहा ते बारा हे दोन तास फार कठीण गेले, खरंच सांगते, सगळ्यात कठीण तेच. ज्या झोपेसाठी मी इतके महिने तळमळत होते ती दहाला यायला लागली! सोफ्यावर बसले की डोळे मिटायला लागायचे. मॅडमनी सोफ्यावर बसायचंच नाही असं सांगितलेलं, पाठ टेकवता येणार नाही अशी लाकडी खुर्ची घ्यायची किंवा उभ्यानं काम करायचं. मग मी त्या दोन तासांत लसूण सोलायचे, कडधान्यं निवडायचे, दुसऱ्या दिवशीच्या कपड्यांना इस्त्री करायचे, आणि कपाटात वर्षानुवर्षं पडलेला क्रोशाचा दोरा बाहेर काढून दाराचं तोरण विणायला घेतलं. मोठे दिवे बंद आणि कोपऱ्यातला एक दिवा चालू, टीव्ही नाही, मोबाईल नाही. घर झोपलेलं आणि आपण एकटी जागी हे आधीही असायचं पण तेव्हा मी तळमळत पडलेली असायचे, आता हातात काम होतं, आणि त्यानं मनाला फार फरक पडतो.

दुसरा नियमांचा गठ्ठा रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञांचा, 1972 चा. झोप डोळ्यांवर आली तरच पलंगावर जायचं, नुसतं दमलं म्हणून नाही. पलंग झोपण्यासाठीच, त्यावर बसून जेवण नाही, बिलं नाही, फोन नाही, उद्याची काळजी नाही (नवराबायकोचं जवळ येणं तेवढं याला अपवाद आहे, ते त्यांनी स्वतःच धरलंय). आणि पडल्यावर अंदाजे पंधरा वीस मिनिटांत झोप लागली नाही किंवा चिडचिड व्हायला लागली तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, झोप आली की परत यायचं, परत नाही लागली तर परत उठायचं. कारण इतके महिने पलंग म्हटलं की मेंदूला जागरण आठवायची सवय लागलेली असते, ती मोडायची. पुस्तकात दुसरी खोली लिहायला सोपं आहे, आमचं घर वन बीएचके आणि हॉलमध्ये सासूबाई झोपतात. त्यामुळे माझी दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. ओट्याला लागून एक स्टूल ठेवलं, देव्हाऱ्याजवळ झिरोचा बल्ब असतोच, आणि मिक्सरच्या मागे जुन्या दिवाळी अंकांची थप्पी. त्या मंद उजेडात एखादी कथा अर्धी वाचायची, डोळे जड झाले की अंक तिथेच पालथा घालून परत जायचं. थंडीत शाल पण तिथेच घडी करून ठेवली होती, कारण रात्री तीनला पांघरुणातून बाहेर यायला मन होत नाही आणि शाल शोधावी लागली तर माणूस उठतच नाही. हे असलं बारीकसारीक आधी मांडून ठेवणं फार महत्त्वाचं आहे. रात्री तीनला निर्धार वगैरे काही कामाला येत नाही, हात लावला की मिळेल असं हवं.

ट्रेनचं तर वेगळंच. डोंबिवलीहून सुटणारी गाडी असल्यामुळे मला बसायला मिळतं, खिडकी मिळाली तर ठाणं कधी येतं कळायचंसुद्धा नाही. आता ती डुलकी बंद करायची होती. मी ग्रुपमध्ये सांगून टाकलं की बायांनो मला झोपू देऊ नका, उपचार चालू आहे. आणि त्यांनी ते इतकं मनावर घेतलं! एकीनं मेथीची जुडी माझ्या मांडीवर ठेवायला सुरुवात केली, निवड म्हणे, हात चालू असले की डोळे मिटत नाहीत. आमच्यातली सगळ्यात वयस्कर ताई माझी मान कलली की खांद्यावर टिचकी मारायची. जाताना माझी जागा मी दिव्याला दुसरीला द्यायचे आणि पुढे उभी राहायचे. या सगळ्या बायकांचं मला फार मोठं पाठबळ होतं आणि त्यातूनच हळूहळू एकेक जण सांगायला लागली, मला पण नाही गं लागत झोप.

पहिले काही आठवडे दिवसा त्रास होतो हे लपवण्यात अर्थ नाही. डोकं जड, चिडचिड, दुपारी तीनच्या सुमाराला शब्द आठवायचे नाहीत. त्या काळात मी स्कूटी चालवली नाही, नवरा स्टेशनपर्यंत सोडायचा, आणि हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. गाडी चालवणं ज्यांचा धंदा आहे, मशिनवर काम आहे, ज्यांना फिट येतात किंवा ज्यांना बायपोलरचा आजार आहे त्यांनी हे तास कमी करायचं काम आपल्या मनानं अजिबात करू नये, डॉक्टरांच्या नजरेखालीच. साडेपाच तासांचा आकडा पण माझा आहे, माझ्या डायरीतून निघालेला, तो कोणी उचलू नये. पाच तासांच्या खाली तर सहसा नेतच नाहीत.

चहा हा आमच्या घरातला नाजूक विषय. कॅफिन त्या ॲडिनोसिनच्या जागा अडवून बसतं म्हणून तरतरी येते, आणि मोठ्या माणसाच्या शरीरातून निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, कोणाला कमी कोणाला जास्त. म्हणजे साडेचारला घेतलेल्या चहातलं निम्मं रात्री साडेनऊला अंगात असतं. मी दुपारी दोननंतर चहा बंद केला, त्या वेळेला आता आल्याचं, गवती चहाचं पाणी घेते, पत्ती नाही. ऑफिसात साडेचारला सगळे उठले की मी पण उठते, कारण मला तलफ चहाची होती त्यापेक्षा जास्त त्या दहा मिनिटांच्या गप्पांची होती.

सकाळच्या उजेडाचं मात्र मला आधी काहीच माहीत नव्हतं. स्वच्छ दिवशी उघड्यावर दहा हजार लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड असतो आणि घरात ट्यूब लावून जेमतेम काही शे. शरीराचं घड्याळ सकाळच्या या उजेडावर रोज लावलं जातं, डोळ्यांच्या पडद्यात त्यासाठी वेगळ्या पेशीच असतात. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं ते शोधून काढणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 चं नोबेल मिळालं. माझ्यासाठी याचा अर्थ एवढाच की प्लॅटफॉर्मवर छपराखाली थांबायच्या ऐवजी मी पुढच्या टोकाला उघड्यावर जाऊन थांबायला लागले, तेवढं चालणंही होतं. आणि रविवारी चहाचा कप घेऊन गच्चीवर. यात खर्च नाही, वेळ नाही, काही नाही.

काळजीचं काय करायचं? ती तर रात्रीच येते. मॅडम म्हणाल्या तिला वेळ देऊन टाका. संध्याकाळी जेवणाआधी पंधरा मिनिटं, पलंगावर नाही, खुर्चीवर, वहीत दोन रकाने. डावीकडे काळजी, उजवीकडे पुढची एकच पायरी. डावीकडे "आईचं बीपी" तर उजवीकडे "गुरुवारी फोन करून गोळ्या संपल्या का विचारणं". डावीकडे "दहावीचं वर्ष" तर उजवीकडे "क्लासच्या सरांना शनिवारी भेटणं". काही काळज्यांपुढे उजवीकडे लिहिण्यासारखं काहीच नसतं, तिथे रेघ ओढायची आणि रेघ ओढली हे पण चालतं. मग झोपायच्या आधी पाच मिनिटं फक्त उद्याच्या कामांची यादी, गॅसचा नंबर, लाईट बिल, इडलीचं भिजत घालणं, सगळं. अमेरिकेत बेलर विद्यापीठात 57 जणांवर याचा प्रयोग झालेला आहे, 2018 मध्ये छापून आला, झोपायच्या आधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. नऊ मिनिटं ऐकायला थोडी वाटतात पण ज्यानं ती नऊ मिनिटं अंधारात मोजलीत त्याला विचारा.

आणि त्या डायरीतला शेवटचा रकाना, दिवसाला पाचापैकी मार्क. मला तो उगाचच ठेवलाय असं वाटलेलं. पण एका भेटीत मॅडमनी फक्त वाईट रात्रींवर पेन्सिलनं खूण केली आणि त्यांच्या पुढचे मार्क मला वाचायला लावले. दोन, चार, तीन, चार, दोन, चार. मी बघतच राहिले. माझी ठाम समजूत होती की रात्र गेली म्हणजे दुसरा दिवस गेला, आणि माझ्याच अक्षरात लिहिलं होतं की त्यातले कितीतरी दिवस चांगले गेलेत. एका चारच्या पुढे तर मी कंसात "पुरणपोळ्या" लिहिलेलं. मोठ्या माणसाला सात तास किंवा जास्त झोप हवी असं तज्ज्ञ सांगतात ते बरोबरच आहे, पण म्हणून एका रात्री पाच तास झाले तर आभाळ कोसळत नाही हे मला कोणी नुसतं सांगून पटलं नसतं. ते स्वतःच्या हातानं लिहिलेलं दिसलं तेव्हा पटलं. त्या दिवसानंतर रात्री जाग आली तरी पोटात गोळा येणं कमी झालं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काम त्या पानानं केलं.

शिथिलीकरण पण शिकवलं, पायाच्या बोटांपासून एकेक स्नायू आधी आवळायचा मग सोडायचा, जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची पद्धत. आपल्याकडे शवासन सगळ्यांना येतंच, मी दोन्हीची सांगड घालून करते. फक्त हे झोप आणण्यासाठी करायचं नाही, अंग सैल करण्यासाठी करायचं. झोप आली का म्हणून तपासायला लागलं की ती पळते.

टक्का चढायला लागला तसा पलंगावरचा वेळ वाढला, एका वेळी पंधरा मिनिटं. आठवड्याची सरासरी 85 च्या वर गेली की बाराचे पावणेबारा, मग साडेअकरा, मध्ये एकदा घसरलं तर तिथेच थांबलो. तीन वाजताची जाग आधी साडेतीनवर गेली, मग चारवर, मग कधी यायची कधी नाही. गणपतीत सासरी कुडाळला गेलो तेव्हा मला धास्ती होती, रात्री दीड दोनपर्यंत भजनं, फुगड्या, आणि दुपारी सगळं घर माजघरात पथारी पसरून झोपतं. मी भजनाला बसले, मनसोक्त बसले, पण सकाळी साडेपाचला उठून दूर्वा आणि फुलं काढायला गेले आणि दुपारी काकूंबरोबर ओटीवर बसून नारळ सोलले. सासूबाई तेव्हा म्हणाल्या, आयुर्वेदात पण दिवसा झोपू नये असंच आहे, फक्त उन्हाळ्यात चालतं. हे खरं आहे, आणि चरकसंहितेत तर आहार आणि ब्रह्मचर्याच्या जोडीनं झोप हा शरीराचा एक आधारस्तंभ धरलाय. झोपेसाठी कसला डॉक्टर म्हणणाऱ्या त्याच, आता मे महिना सोडून दुपारी आडव्या होत नाहीत.

आता माझी वेळ पावणेअकरा ते साडेपाच अशी ठरून गेलीये. मार्च एण्डला किंवा घरात कोणी आजारी असलं की चार पाच रात्री बिघडतात. मग मी लवकर पडत नाही, रविवारी लोळत नाही, डायरीचे कागद परत काढते, पडायची वेळ अर्धा तास पुढे ढकलते आणि उठायची तिथेच ठेवते, की आठवड्याभरात गाडी रुळावर येते. तोरण पूर्ण होऊन दाराला लागलंय आणि दुसरं विणायला घेतलंय पण ते आता दिवसा, दिवाणावर बसून.

कोणाला करायचं असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारावं, आणि जवळ कोणीच नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, 14416, ती 2022 पासून चालू आहे आणि मराठीतूनही बोलता येतं. गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनानं एकदम बंद करू नका, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. आमच्या डब्यातली एक जण नर्स आहे, तिच्या ड्युट्या फिरत्या, त्यामुळे उठायची एकच वेळ तिला ठेवताच येत नाही आणि माझं वेळापत्रक तिला जसंच्या तसं लागू पडणार नाही. मॅडमनी तिला आधी फक्त डायरी भरायला सांगितलीये, तिन्ही ड्युट्यांच्या आठवड्यांची वेगवेगळी. रकाने मी आखून दिलेत, त्यात एक तिनं स्वतः वाढवलाय, रात्रपाळीहून घरी येताना ऊन किती वेळ लागलं त्याचा, आणि पुढच्या मंगळवारी ती ते कागद घेऊन जाणार आहे.